लेकराची धूळपेरणी बंद करा!



मृगाच्या तोंडावर आपल्या घरात दोन पेरण्यांची घाई असते. एक रानातली, दुसरी शाळेतली. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, मराठवाड्यात त्याच्या आधी. पण गत दोन्हीकडे एकच. बाप तिफणीमागे, माय सरकी टोबायला आणि सहा वर्षांचे लेकरू नवे दप्तर पाठीला लावून पहिलीच्या वर्गात.

रानातल्या पेरणीसाठी आपण काय काय करतो? पऱ्हाटी उपटली की नांगरट. मग चैत्र-वैशाखाच्या उन्हात ढेकळे तापू द्यायची. मग वखराच्या पाळ्या. ज्वारीची धसकटे वेचून बांधावर टाकायची. परवडले तर दोन गाड्या शेणखत. एवढे करूनही पहिला पाऊस पडला म्हणून लगेच बी टाकत नाही. बोटाने उकरून ओल कुठवर गेली ते पाहतो. बी कितीही भारी असो, जमीन तयार नसेल आणि खाली ओल नसेल तर उगवण होत नाही, हे कोरडवाहू माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

आता लेकराच्या पेरणीचा हिशेब मांडा. दप्तर आले, गणवेश आला. पहिल्या दिवशी कपाळाला कुंकू, हातात फुगा, गुरुजींनी काढलेला फोटो. आणि मशागत? जन्मल्यापासून सहा वर्षांत त्या लेकराच्या कानावर पुस्तकातले एक तरी वाक्य कोणी वाचून घातले का? घरात छापील कागद कोणता? भिंतीवरचे कॅलेंडर, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, बँकेचे पासबुक आणि सोसायटीची नोटीस. यातला एकही कागद लेकराला मांडीवर घेऊन वाचावा असा नाही.

याला धूळपेरणी म्हणतात. कोरड्या मातीत बी टाकायचे आणि आभाळाच्या भरवशावर बसायचे. रानात ती आपण नाइलाजाने करतो. पाऊस साधला तर साधला. नाही साधला तर बी मुंग्या-पाखरांनी नेले असे समजायचे, कृषी केंद्रातून उधारीवर दुसरी पिशवी आणायची आणि दुबार पेरायचे. लेकराच्या पहिलीला दुबार पेरणी नाही. वर्ष सरले की ते दुसरीत ढकलले जाते, मग तिसरीत. उगवले की नाही हे कोणी उकरून पाहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. पहिलीत गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या प्रत्येक लेकराला घरात रोज मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. रोज पाव तास. त्याला पैसा लागत नाही, अर्ज लागत नाही, सातबारा लागत नाही. आणि हे काम आपणच केले पाहिजे, कारण आपल्यासाठी ते दुसरे कोणी करणार नाही.

ओल कोणाच्या रानात आहे?

तालुक्याच्या गावी साहेबाच्या, डॉक्टरच्या, प्राध्यापकाच्या घरात डोकावून पाहा. दोन वर्षांचे पोर आईच्या मांडीवर आहे, समोर चित्रांचे पुस्तक आहे. आई वाचते, पोर ऐकते. पान उलटायची घाई पोरालाच असते. तीच गोष्ट ते पुन्हा पुन्हा वाचायला लावते. आईने एखादे वाक्य गाळले तर लगेच पकडते.

बघणाऱ्याला वाटते, हा लाड आहे. हा लाड नव्हे, ही मशागत आहे. त्या पोराला न शिकवता चार गोष्टी कळलेल्या असतात. कागदावरच्या काळ्या रेघोट्या बोलतात, हे कळते. त्या दर वेळी तेच बोलतात, माणसागणिक बदलत नाहीत, हे कळते. वाचन डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जाते, हे कळते. आणि घरात-अंगणात जे शब्द कधी बोलले जात नाहीत, असे कितीतरी पुस्तकातले शब्द त्याच्या कानाला ओळखीचे होतात.

मग जूनमध्ये ते पोर आणि आपले पोर एकाच पाठ्यपुस्तकापुढे बसतात. दोघांनाही एकच अक्षर शिकवले जाते. त्याला त्या अक्षरात ओळखीच्या गोष्टीचा आवाज ऐकू येतो. आपल्याला वाटते, साहेबाचे पोर जात्याच हुशार आणि आपले मठ्ठ. आपल्या लेकराचा मेंदू काही कमअस्सल नाही. आपले पाच वर्षांचे पोर ढगांचा रंग पाहून पाऊस ओळखते, बैल लंगडतो कशाने ते सांगते, आजीने एकदा सांगितलेली कहाणी शब्दाला शब्द लावून परत म्हणते. बी अस्सल आहे. रान कोरडे आहे, एवढेच.

त्यात भाषेची अडचण. आपल्या घरात ‘काहून’ म्हणतात, पुस्तक ‘का’ म्हणते. तांड्यावर गोरमाटी बोलतात, मेळघाटात कोरकू, पांढरकवड्याकडे गोंडी. साहेबाच्या घरची बोली आणि पुस्तकाची बोली जवळपास एक असते. आपल्या लेकराला अक्षराच्या आधी भाषेची वेस ओलांडावी लागते. सहा वर्षांच्या जिवाने हे दोन्ही एकाच महिन्यात आणि एकट्याने करावे, अशी आपली अपेक्षा! पुस्तकाची भाषा आधीपासून कानावर असली तर ती परमुलखातली वाटत नाही. ही ओळख घरातच होऊ शकते, आणि तीही आपली बोली न सोडता. आधी पुस्तकातले वाक्य वाचायचे, मग ‘म्हणजे काय झालं माहीत आहे का?’ म्हणून आपल्या बोलीत सांगायचे. बोलीची लाज बाळगण्याचे कारण नाही. पुस्तकापर्यंत जाणारी पायवाट तीच आहे.

वाचणे आणि घोकणे

तुम्ही म्हणाल, आमचे पोर दुसरीत आहे आणि धडे धडाधड वाचते. ठीक आहे. आज रात्री एक करून पाहा. पुस्तक मधूनच उघडा, पानाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवा आणि इथून वाच म्हणा. कितीतरी पोरे पानाच्या वरच्या ओळीपासून सुरुवात करतील, कारण धडा त्यांना पाठ आहे. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. हे वाचन नव्हे. वर्गाने एका सुरात म्हणून म्हणून तोंडात बसलेले ते घोकणे आहे. पोपटाला कोणी शिकलेला म्हणत नाही.

हा आमचा संशय नाही. दर काही वर्षांनी खेड्यापाड्यांतल्या घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावणारी ‘असर’ नावाची पाहणी देशभर होते. २०२४ च्या पाहणीत दिसले की ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांची नावे शाळेत आहेत. पण तिसरीतल्या १०० मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली जेमतेम २७. आणि पाचवीतली? १०० पैकी ४९. म्हणजे पाच वर्षे शाळेत बसूनही निम्म्यांना दुसरीचे वाचता येत नाही. नाव पटावर, पोर वर्गात, वाचन कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २०१८ साली तिसरीचा हाच आकडा २७ होता. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि २०२२ मध्ये तो २० वर आला. वर चढून पूर्वीच्याच जागी यायला २०२४ उजाडले. शाळा बंद पडल्यावर वाचन कोणाच्या घरात चालू राहिले आणि कोणाच्या घरात बंद पडले, याचा विचार करा. ज्या घरात वाचणे शाळेवर अवलंबून नव्हते, तिथे कुलपाने फारसे बिघडले नाही. आपल्याकडे शाळेला कुलूप म्हणजे पुस्तकाला कुलूप.

भिंतीवरची पाटी

आता सरकारचे ऐका. राज्यात अशी शाळा शोधून सापडणार नाही जिच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ लिहिलेले नाही. लिहिले सरकारने, वाचायचे आपण आणि नाही वाचलो तर दोषही आपला! २०२१ मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ नावाचे अभियान काढले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे त्याचे लक्ष्य. राज्यात २०२२ पासून पहिलीच्या आधीचे शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले, मातांचे गट करायचे ठरले. लक्ष्य चांगले आहे, मेळावेही चांगले आहेत. आम्ही चांगल्याला वाईट म्हणत नाही. पण मेळावा दोन दिवसांचा. फुगे फुटले, फोटो वर गेले, संपले. शिक्षकाकडे एकीकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग, दुसरीकडे निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे आणि मोबाइलवर भरायची माहिती. पट कमी झाला की शाळाच दुसऱ्या गावच्या शाळेत घालण्याची भाषा. असा शिक्षक एकेका लेकराला मांडीवर घेऊन वाचून दाखवील, ही आशा करणे म्हणजे तलाठी घरी येऊन सातबारा देऊन जाईल अशी आशा करण्यासारखे आहे.

दुसरा बाजार खासगी ‘कॉन्व्हेंट’चा. पिवळी गाडी दारात येते, पोराच्या गळ्यात टाय येतो आणि कापसाच्या पट्टीतली मोठी रक्कम फीमध्ये जाते. घरात इंग्रजी बोलणारा कोणी नाही, वाचणारा कोणी नाही. पोर इंग्रजी गाणे म्हणून दाखवते तेव्हा आपला ऊर भरून येतो. चौथीत गेल्यावर कळते की इंग्रजी वाचताच येत नाही आणि मराठी वाचायला कोणी शिकवलेच नाही. इंग्रजीला आमचा विरोध नाही. पण ज्याला आपल्या मायच्या भाषेत वाचायची गोडी लागली, तो दुसरी भाषा लवकर पचवतो. ज्याला कोणत्याच भाषेत गोडी लागली नाही, त्याच्या बापाने फी भरून टाय तेवढा विकत घेतला.

आणि तिसरा दोष आपला. मायबहिणींनो, हे भावांसाठी आहे. कापूस वेचून, डोक्यावर सरपण घेऊन बाई घरी येते, चूल पेटवते, भाकरी थापते. तेव्हा आपण कुठे असतो? पारावर. पारावर बसून दिल्ली-मुंबईची सरकारे पाडतो, उभी करतो. त्यातला पाव तास घरातल्या लेकराला मिळत नाही. वाचून दाखवणे हे बाईचे काम आहे, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे? पोथी तर बापेच वाचत होते!

पोथी कशी चालायची?

आपल्या घराला ऐकण्याची सवय नाही, असे कोणी म्हणू नये. जुन्या माणसांना विचारा. चातुर्मासात रात्रीची जेवणे झाली की कंदिलाभोवती पोथी लागायची. ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’, ‘रामविजय’. अक्षर येणारा गावात एखादाच. तो वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि चाळीस माणसे ऐकायची. त्यातही काहींना ओसरीखाली दूर बसावे लागे, हेही खरे आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण एक अक्षर न येणारी माणसे ऐकून ऐकून अख्खे पांडव सांगायची. छापील शब्द मोठ्याने वाचला की निरक्षराच्या घरातही मुक्कामाला येतो, याचा पुरावा आपल्याच ओसरीवर आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो कोणासाठी? ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यासाठी. मग तो त्याच्यापर्यंत पोचवला कसा? वाचून दाखवून. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जोतीरावांनी त्यातले भाग लोकांपुढे मोठ्याने वाचले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो त्यांच्या तोंडून ऐकला. हे सयाजीराव मूळचे कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक गेले आणि मग राजवाड्याने त्यांच्या शिक्षणासाठी खास शिक्षक नेमले. पुढे त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उघडली आणि पेटीत पुस्तके भरून खेड्यांत पाठवली. शेतकऱ्याच्या पोराला उशिरा का होईना पण अक्षर मिळाले, तर काय होते ते पाहा. आपल्या लेकराला मात्र बाराव्या वर्षी राजवाडा शिक्षक देणार नाही. त्याचे वय सहाच्या आतच साधले पाहिजे.

त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते की सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्यांच्या पोरांवर खर्च होतो. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. कायद्याने हा हक्क देशात लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. सव्वाशे वर्षे! सरकारची वाट पाहायची तर ती इतकी पाहावी लागते. तेवढा वेळ लेकराकडे नसतो.

न वाचणाऱ्याचे काय होते?

कोणी म्हणेल, कापूस वेचायला आणि ज्वारी काढायला वाचन कशाला? भावांनो, ते दिवस गेले. आज शेतकऱ्याला लुटायला दरोडेखोर लागत नाही, कागद पुरतो. पीकपाहणी २०२१ पासून मोबाइलवर आपणच नोंदवायची. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात गेला, सोबत नियमही बदलले. ते बदल आपल्यापैकी किती जणांनी स्वतः वाचले आणि कितींना ‘सेंटर’वरच्या पोराने सांगितले तेवढेच कळले? खरेदी केंद्रावर ओलाव्याचा टक्का आठच्या वर गेला की भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. पट्टीवर तो आकडा लिहिलेला असतो. वाचणारा तिथल्या तिथे भांडतो. न वाचणारा घरी येऊन नशिबाला बोल लावतो.

२०१७ सालचा यवतमाळ जिल्हा आठवा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाचता आले असते तर ते वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणणे म्हणजे विष विकणाऱ्याला आणि झोपलेल्या यंत्रणेला मोकळे सोडून मेलेल्या माणसावर गुन्हा दाखल करणे आहे. पण डब्यावर लाल त्रिकोण असतो की निळा, त्याचा अर्थ काय, आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिले आहे, हे फवारणीच्या आधी घरात कोणी मोठ्याने वाचले पाहिजे की नको? आणि तो कागद वाचण्याची धीटाई चाळिसाव्या वर्षी एकदम येत नाही. छापलेल्याला भ्यायचे नसते, ते वाचायचे असते आणि पटले नाही तर विचारायचे असते, ही सवय मांडीवर लागते.

म्हणून म्हणतो, लेकराला गोष्ट वाचून दाखवणे हा शहरी चोचला नाही. आपल्या घरात वाचणारा माणूस तयार करण्याचे ते पहिले काम आहे.

सबबी आणि उत्तरे

पहिली सबब: आम्हालाच वाचता येत नाही. मग घरात चौथी-पाचवीतले थोरले पोर आहे ना? त्याने धाकट्याला वाचून दाखवावे. दोघांचेही भले होईल. थोरल्याची जीभ सुटेल, धाकट्याचे कान तयार होतील. माय-बापाने आणि आजीने शेजारी बसून ऐकावे आणि विचारावे, ‘मग पुढं काय झालं?’ म्हातारी अडाणी असली तरी चित्रावरून गोष्ट रचते, तीही लेकराला पुस्तकाजवळ आणते. ऐकणारा माणूस बसला आहे, एवढ्याने लेकराला वाचणे मोलाचे वाटते. थोरले पोर नसेल तर शेजारचे बोलवा. आपण नांगरटीला सावड करतो, वाचनाला का करू नये?

दुसरी सबब: वेळ नाही. वेचणीच्या दिवसांत हे खरे आहे. पण लेकरू तेव्हाही रानातच असते, झाडाखाली, झोळीजवळ. दुपारची भाकरी सोडताना पाव तास मिळतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पोरे शाळेत येत नाहीत, गुरांमागे जातात, तर शाळाच कुरणात नेली. पुस्तक भाकरीच्या फडक्यात बांधून रानात न्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरी सबब: पुस्तके कुठून आणायची? पहिली गोष्ट, सरकारी आणि अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तके फुकट मिळतात. थोरल्याची जुनी रद्दीत घालू नका. दुसरी, बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, ते शाळेत येत असेल तर घरी मागा. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके मराठीत स्वस्त मिळतात. आणि गावातले ग्रंथालय? १९६७ च्या कायद्याखाली सरकारमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान दिले जाते. कितीतरी गावांत ‘ड’ वर्गाचे ग्रंथालय कागदावर चालू आणि दाराला कुलूप असते. ते कुलूप कोणाच्या घरच्या किल्लीने उघडते, हे गावाला ठाऊक असते. ती किल्ली मागा!

चौथी सबब: मोबाइल आहे की, त्यात गोष्टी लागतात. लागतात. पण मोबाइल लेकराचे ऐकत नाही. ‘हत्ती पाण्यात का गेला?’ असे लेकराने विचारले तर तो थांबत नाही, पुढची जाहिरात लावतो. गोष्ट सांगणारा माणूस थांबतो, लेकराच्या तोंडाकडे पाहतो, त्याने विचारलेल्याचे उत्तर देतो. फरक इथेच पडतो. वाचायला दुसरे काही नसेल आणि मोबाइलवर मराठी गोष्टीचे पुस्तक उघडता येत असेल तर जरूर उघडा, पण वाचा तुम्ही.

कार्यक्रम

भाषण पुरे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने पुढील गोष्टी करून यावे.

एक. ज्या घरात तीन ते आठ वर्षांचे लेकरू आहे, त्या घरात रात्रीच्या जेवणानंतर पाव तास वाचन. मुलगा असो वा मुलगी. माय दमलेली असेल तर बापाने. बापाने म्हणजे बापानेच.

दोन. वाचताना ओळीखाली बोट फिरवायचे, म्हणजे आवाज कुठल्या अक्षरांतून येतो ते लेकराला दिसते. मध्ये थांबून विचारायचे, पुढे काय होईल? लेकराने तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचायची. कंटाळा आपल्याला येतो, त्याला येत नाही.

तीन. परीक्षा घ्यायची नाही. कान पिळायचा नाही. ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. ज्या पुस्तकासोबत मार बसतो, त्या पुस्तकापासून पोर पळतेच.

चार. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारावेत. शाळेच्या कपाटातली गोष्टीची पुस्तके मुलांना घरी का दिली जात नाहीत? आणि तिसरीतली किती मुले न घोकता वाचतात? पुस्तक फाटेल म्हणून कपाटात ठेवतो, असे उत्तर आले तर सांगा, कपाटातल्या पुस्तकाला वाळवी लागते आणि घरातल्या पुस्तकाला लेकराचे हात लागतात. फाटलेले आम्ही डिंकाने चिकटवून देऊ.

पाच. अंगणवाडीच्या ताईला विरोधक समजू नका. खाऊ वाटप आणि वजने यांतून तिला वेळ मिळत नाही. आठवड्यातून एक दिवस गावातल्या वाचणाऱ्या पोरा-पोरींनी तिथे जाऊन अर्धा तास वाचून दाखवावे.

हे केल्याने शाळेची जबाबदारी संपत नाही. उलट आता ती सुरू होते. आमच्या लेकरांच्या घरात वाचन नाही म्हणून ती मागे पडतात, अशी ढाल शाळा आणि सरकार पुढे धरतात. ती ढाल त्यांच्या हातातून काढून घेऊ. आम्ही आमचे रान तयार करून दिले आहे, ओल आहे, बी अस्सल आहे. आता उगवले नाही तर जाब तुम्ही द्या, असे म्हणायचा अधिकार त्या दिवशी आपल्याला येईल.

पाऊस आपल्या हातात नाही. कापसाचा भाव आज तरी आपल्या हातात नाही. दिवा लावून, लेकराला मांडीवर घेऊन पाव तास वाचणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. बैठकीहून घरी गेल्यावर हेच पत्रक लेकरासमोर मोठ्याने वाचा. त्याला सगळे कळणार नाही. आपला बाप कागद हातात घेऊन न अडखळता, न भिता बोलतो आहे, एवढे कळले तरी आज पुष्कळ झाले.